अरुंधतीचं माकडहाड

पाय मोडला असता तर अरुंधती सबनीसचं सगळं वेगळं झालं असतं. मोडलेल्या पायाला एक मान असतो. लोक प्लास्टरवर सह्या करतात, डबे आणून देतात, जिना चढताना हात पुढे करतात. अरुंधतीचं मोडलं माकडहाड. माकडहाड मोडलेल्या बाईला भेटायला आलेला माणूस आधी चेहरा गंभीर करतो, मग तिच्या बुडाखालची मधोमध भोक असलेली निळी उशी बघतो आणि मग पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जातो. तो तिथे हसायला गेलेला असतो. रेगेन्सबर्गमधल्या त्यांच्या भाड्याच्या घराच्या भिंती पातळ होत्या, त्यामुळे ते हसणं बाहेर कोचावर त्या उशीवर टेकलेल्या अरुंधतीला नीट ऐकू यायचं.

त्यात तिचं कामही असं, की हसणाऱ्यांना आयतं कोलीत. ती मूळची सांगलीची, मेकॅनिकल इंजिनियर, आणि गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला. तिथे एक यंत्र दिवसभर सीटवर बसतं, उठतं, पुन्हा बसतं, आणि सीट कुठे दबते, कुठे उसवते हे अरुंधती बघते. बसण्याचा पगार घेणारी बाई, तिलाच बसता येईना. सगळ्या मीटिंगा तिने उभ्याने केल्या. जर्मन सहकारी सभ्यपणे बरी हो म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. आपल्या माणसांनी मात्र तिचं बारसं केलं. तिला नाव मिळालं ‘बसली’.

मराठी मंडळाचा गणपती असो, दिवाळीचा फराळ असो, कुणाचं डोहाळजेवण असो, ती दारात दिसली रे दिसली की कुणीतरी म्हणायचंच, अरुंधतीला आधी खुर्ची द्या, नाहीतर मिळेल तिथे बसेल. सगळे हसायचे. अरुंधतीसुद्धा हसायची. न हसलं तर लोक वर म्हणतात, हिला चेष्टा कळत नाही. दर वेळी ती हसत खुर्चीत बसायची आणि मनातल्या मनात एका माणसाला शिव्या घालायची.

त्या माणसाचं नाव मयुरेश.

मयुरेश तसा वाईट माणूस नव्हता, हीच सगळ्यात मोठी अडचण. अरुंधती आणि तिचा नवरा वासुदेव जर्मनीत नवीन आले तेव्हा ऑनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, रांगेत त्यांच्याबरोबर उभा राहिला तो मयुरेश. घर बदलताना वॉशिंग मशीन तिसऱ्या मजल्यावर चढवलं ते मयुरेशने. पुण्याचा, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधला, आवाज मोठा, मन मोठं, आणि प्रत्येक गोष्टीत पुढे. फक्त चूक झाली की पुढे नसायचा. त्याची बायको स्वरूपा शांत, मोजकं बोलणारी. दोन्ही जोडपी इतकी एकत्र असायची की एकाच्या घरचा कुकर दुसऱ्याकडे राहिला तर कुणी परत मागायचंही नाही.

सहा हिवाळ्यांपूर्वी पॅराग्लायडिंग शिकायचं खूळ त्यानेच काढलं. वासुदेवला उंचीची भीती आणि स्वरूपाला थंडीचा कंटाळा, म्हणून कोर्सला नाव घातलं अरुंधतीने आणि मयुरेशने. बायरिशर वाल्ड या डोंगराळ जंगलातला एक बुटका, बर्फाने भरलेला उतार. शिकवणारा कोर्बिनियान नावाचा दाढीवाला म्हातारा. त्याचा नियम एकच. विद्यार्थी पळायला लागला की त्याच्या कानात फक्त कोर्बिनियानचा आवाज जाणार, वॉकीटॉकीवरून. बाजूला उभं राहून दुसरं कुणी ओरडलं, तर ओरडणाऱ्याने सामान उचलायचं आणि घरी जायचं.

अरुंधती पळाली. डोक्यावर पॅराग्लायडरची छत्री नीट उभी राहिली. कानात कोर्बिनियान म्हणत होता, लाउफन, लाउफन, लाउफन, म्हणजे पळ, पळ, पळ. नवशिक्याची ठरलेली चूक असते ती मध्येच हार्नेसमध्ये, म्हणजे पट्ट्यांनी बांधलेल्या बैठकीत, बसण्याची. पाय जमिनीवरून सुटायच्या आत बसलं की माणूस आपटतो, हे तिला सकाळपासून दहा वेळा सांगितलं होतं आणि ते तिला पाठ होतं. पाय हलके व्हायला लागले, आणि तेवढ्यात उजवीकडून स्पष्ट, खणखणीत आवाज आला, “बस! बस!”

जर्मन तिच्या कानातून डोक्यात जायचं, डोक्यात त्याचा अर्थ लागायचा आणि मग ते पायात उतरायचं. मराठीला हा वळसा पडत नाही. अरुंधती बसली. रात्रभर गोठून दगड झालेल्या बर्फावर, सगळ्या वजनानिशी.

कोर्बिनियान धावत खाली आला. आधी त्याने तिला पाहिलं, मग, त्याला स्वतःला वरून काही ऐकू आलं नव्हतं तरी ती सांगते म्हणून, मान वर करून विचारलं, कोण ओरडलं? उजवीकडे मोबाइल धरून मयुरेश उभा होता आणि समोरच्या डोंगराचं बारकाईने निरीक्षण करत होता. हॉस्पिटलात पालथी पडल्या पडल्या अरुंधतीने त्याला विचारलं तेव्हा तो डोळे मोठे करून म्हणाला, मी कशाला ओरडू? संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर त्याने काढलेला व्हिडिओ आला. अरुंधती पळते, अरुंधती बसते, बर्फ उडतो. मागे सिनेमातलं एक उडतं गाणं लावलेलं. मूळचा आवाज एवढासाही शिल्लक नव्हता.

तेव्हापासून सगळ्या जगात एकच माणूस, म्हणजे ती स्वतः, त्या ‘बस’चा साक्षीदार होता, आणि त्याचंच कुणी ऐकत नव्हतं. वासुदेव म्हणाला, भास झाला असेल तुला, टेन्शनमध्ये होतं असं. तिची मुलगी स्पृहा तेव्हा लहान होती. तिने जर्मनमध्ये विचारलं, आई, शिकवणारा पळ म्हणत होता तर तू बसलीस का? पुढे पुढे तर तिलाच शंका यायला लागली. खरंच आवाज आला होता, की आपणच घाबरून बसलो आणि दोष द्यायला एक आवाज शोधून काढला? माकडहाड जुळलं. थंडीत ठणकायचं तेवढंच. शंका मात्र काही केल्या जुळून येईना. रोज ऑफिसातून घरी येताना स्टिअरिंगवर हात ठेवून ती मयुरेशला प्रश्न विचारायची आणि रोज त्याला वेगवेगळ्या पद्धतीने कबूल करायला लावायची.

वर्षभराने ती पुन्हा कोर्सला गेली. लोकांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं, मंडळाने गुच्छ दिला. जिद्द कसली आलीय. राग होता. पहाटेच्या काळोखात दोन-अडीच तास गाडी हाकत डोंगरांकडे जायला राग फार उपयोगी पडतो. मयुरेशने पहिल्या कोर्सनंतरच उडणं सोडून दिलं होतं, वेळ मिळत नाही म्हणून. अरुंधतीने एकेक परीक्षा दिली, आणि गेल्या शरद ऋतूत पाहुण्याला पुढे बांधून उडायचा परवानासुद्धा मिळवला. हे सगळं कशासाठी, ते तिने वासुदेवलाही सांगितलं नाही. खरं तर तिलाही नेमकं सांगता आलं नसतं.

मग नाताळच्या सुट्टीत स्वरूपाचा फोन आला. जानेवारीत मयुरेशचा वाढदिवस आहे, त्याला एकदा वर घेऊन जाशील का? मनातून त्याला फार वाटतं पण बोलत नाही. आणि म्हणाली, तुझ्याशिवाय कुणावर माझा भरवसा नाही गं. अरुंधती तेव्हा ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. फोन कानाशी धरून तिने जुडीचं रबर सोडवलं, बोटाला गुंडाळलं, आणि म्हणाली, हो, नेते की.

ते रबर तिने टाकलं नाही. वॉकीटॉकीच्या बटणावर ते दोन वेढे देऊन घट्ट बसतं, हे तिने घरीच करून पाहिलं. टेस्टिंगवाली बाई ती.

संक्रांतीनंतरचा रविवार ठरला. लेंगग्रीसच्या वरचा डोंगर, आकाश लख्ख, वारा नावाला, आणि खाली उतरायच्या कुरणावर कोरा बर्फ. बरोबर हृषिकेश आला होता. तो वासुदेवचा ऑफिसातला मित्र आणि मंडळाचा अधिकृत विनोदी माणूस. ‘बसली’ हे नाव पाडलं होतं ते त्यानेच. गाडीच्या डिकीवर सगळ्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. मग वासुदेव, स्वरूपा आणि हृषिकेश खाली कुरणाशी थांबले. वाऱ्याची दिशा सांगायला दुसरा वॉकीटॉकी वासुदेवकडे होता. अरुंधती आणि मयुरेश केबल कारने वर गेले.

केबल कारमध्ये मयुरेशने स्वरूपाने दिलेला डबा उघडला. तिळाच्या वड्या होत्या. एक स्वतः तोंडात टाकली, एक तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, तिळगूळ घे, गोड बोल, आणि हे बघ, मला मध्येच खाली बसवू नकोस म्हणजे झालं. आणि हसला. अरुंधतीने वडी खिशात टाकली. ती पण हसली. सहा वर्षं हसत होती, अजून एकदा काय.

वर बर्फ गुडघ्याएवढा होता. तिने त्याला हार्नेस चढवला, प्रत्येक बक्कल दोनदा तपासली. रागात असली तरी बक्कल ही बक्कल असते. त्याला सांगितलं, पळ म्हटलं की पळायचं, मी सांगेपर्यंत बसायचं नाही, पायाखाली जमीन नसली तरी पळत राहायचं. मयुरेशच्या चेहऱ्यावरचा विनोद एव्हाना ओसरला होता. तो मान डोलावत “गेनाऊ, गेनाऊ”, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत राहिला. तिने पळ म्हटलं आणि तो पळाला, चांगला पळाला. उतार संपला, पाय हवेत फिरत राहिले, आणि दोघं वर होते.

पुढे तो, मागे ती, तिचं तोंड त्याच्या कानापाशी. खाली इसार नदीची काळी रेघ, पांढरी छपरं, चर्चचा कांद्यासारखा घुमट. मयुरेश लहान मुलासारखा बोलत सुटला, बघ ना, बघ ना. दृश्य खरंच सुंदर होतं. अरुंधतीने छत्री वळवायच्या दोन्ही दोऱ्या एका हातात घेतल्या, दुसऱ्या हाताने छातीवरच्या वॉकीटॉकीच्या बटणावर रबर चढवलं, आणि दोऱ्या पुन्हा दोन हातांत घेतल्या.

“मयुरेश, तिळगूळ खाल्लास ना?”

“हो, का?”

“मग आता खरं बोल. त्या दिवशी उतारावर ‘बस’ म्हणून कोण ओरडलं?”

तो आधी हसला. म्हणाला, अगं, अजून तेच डोक्यात आहे का तुझ्या, व्ह्यू बघ ना. अरुंधतीने डावी दोरी ओढली. छत्री कलली, डोंगर आडवा झाला आणि नदी एका अंगाने वर यायला लागली. एक गिरकी पुरी झाल्यावर तिने सरळ केलं आणि तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला. तो म्हणाला, अगं मला खरंच आठवत नाही. दुसरी गिरकी जास्त तिरपी होती. उंची भरपूर होती, हवा शांत होती, आणि छत्रीला झेपेल त्यापलीकडे तिने काही केलं नाही. मयुरेशला झेपत होतं की नाही, हा हिशेब तिने धरलाच नव्हता.

“सांगतोस, की अजून एक घेऊ?”

“मी,” तो म्हणाला. दोन्ही हातांनी त्याने पट्टे धरले होते. “मी ओरडलो. तुझी छत्री एका बाजूला जात होती, तिकडे कुंपण होतं. मी घाबरलो. बस म्हणजे पुरे, थांब, असं म्हणायचं होतं मला. तू बसशील असं मला काय माहीत.”

अरुंधतीला आनंद झाला. दया नाही, लाज नाही, निखळ आनंद. तो आवाज आला होता. तिचे कान शाबूत होते, डोकं शाबूत होतं. इतकी वर्षं ती खरी होती आणि सगळं जग खोटं होतं. तिने विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

तो म्हणाला, कोर्बिनियानने हाकलून दिलं असतं, सगळ्यांसमोर. व्हिडिओत माझा आवाज होता, म्हणून गाणं लावलं. वाटलं, दोन दिवसांनी सांगू. मग व्हिडिओवर सगळे हसायला लागले, नाव पडलं, आणि सांगायची वेळच निघून गेली. म्हणून गाणं लावलं. आणि मग हळूच म्हणाला, “तू पण तर हसायचीस, अरुंधती.”

खरं म्हणजे इथे तिचं काम झालं होतं. हवं ते मिळालं होतं, आणि खाली तिघांनी ते ऐकलंही होतं. रबर काढायचं, सरळ उतरायचं, संपलं. पण त्या शेवटच्या वाक्याने तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिने उजवी दोरी ओढली. या गिरकीत विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. ही फक्त तिची स्वतःची होती, निळ्या उशीची, गणपतीतल्या खुर्चीची, स्पृहाच्या प्रश्नाची. मयुरेशचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. लहानशा आवाजात तो म्हणाला, “बस. अरुंधती, बस.”

“बस म्हणजे काय रे?” तिने त्याच्या कानात विचारलं. “बसू, की पुरे?”

तो रडायला लागला. तिने ते ऐकलं आणि तरी गिरकी पूर्ण केली, मगच सरळ केलं.

वॉकीटॉकीचं असं असतं की बटण दाबलेलं असेपर्यंत आपलं सगळं बाहेर जातं, पण बाहेरचं काही आत येत नाही. खाली वासुदेव गळा फाडून सांगत होता, बंद कर, अरुंधती, सरळ उड, त्याला खाली आण. त्यातला एक शब्दही तिच्यापर्यंत पोचला नाही. हे तिला माहीत असायला हवं होतं. घरी बटणाची चाचणी करताना तिने फक्त आवाज जातो की नाही ते पाहिलं होतं.

कुरण जवळ आलं. तिने नेहमीच्या शांत आवाजात सूचना दिली, उभा राहा, पाय खाली, पळ. मयुरेशने पाय खाली सोडलेच नाहीत. जमीन आली आणि तो फतकल मारून बर्फात बसला. अरुंधती मागे उभी, छत्री तिच्या पाठीमागे अलगद पडली. कितीतरी वर्षं ज्या क्षणाची तिने वाट पाहिली होती तो हाच. मयुरेश बसला होता, सगळ्यांच्या देखत. बर्फ मऊ होता, लागलं काहीच नाही.

तिने हृषिकेशकडे पाहिलं. आता त्याने म्हणावं, ‘बसला’. हृषिकेश बुटांकडे बघत होता.

स्वरूपा पुढे आली, गुडघ्यावर बसली आणि नवऱ्याच्या हेल्मेटचा पट्टा सोडायला लागली. तिच्या बोटांना तो सुटेना. अरुंधती मदतीला वाकली तेव्हा स्वरूपाने वर न बघता तिचा हात बाजूला केला. नंतर वासुदेव आला. त्याने बायकोच्या छातीवरचा वॉकीटॉकी हातात घेतला, रबर सोडवलं, बोटांत फिरवून पाहिलं. ते कशाचं रबर आहे हे त्याला कळलं, कारण ती कोथिंबिरीची जुडी त्यानेच आणली होती.

“मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता,” तो म्हणाला. ते तिला हवं होतं. मग तो म्हणाला, “पण पुढचंही सगळं ऐकलं आम्ही.”

अरुंधतीला पश्चात्ताप झाला का? नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, पुन्हा करीन. पण छत्री गुंडाळताना तिच्या लक्षात आलं की सगळ्या बेतात तिने मयुरेशला धरलं होतं, हृषिकेशला धरलं होतं, मंडळाला धरलं होतं, आणि फोनवरचा स्वरूपाचा तो भरवशाचा आवाज तिने धरलाच नव्हता. खिशात हात घातला तर तिळाची वडी लागली. तिने ती तशीच राहू दिली.

पायथ्याच्या गास्टहाउसचं, म्हणजे खाणावळीचं, टेबल हृषिकेशने आधीच सांगून ठेवलं होतं, वाढदिवस म्हणून. कुणाला जायचं नव्हतं आणि नाही म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. आत ऊब होती, लाकडी बाकांवर बाकीची कुटुंबं सूप पीत होती. मयुरेश भिंतीकडच्या कोपऱ्यात बसला. त्याने एकदा वर बघून, कुणा एकाला उद्देशून नाही, असं सांगितलं, की ती म्हणत होती ते खरं आहे, चूक माझीच होती. हृषिकेशने मेनूकार्ड तोंडासमोर धरलं आणि तो पुन्हा पुन्हा तेच पान वाचत राहिला. वासुदेवही बसला.

अरुंधती कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभी राहिली. हातमोजे काढत होती, कितीतरी वेळ. थंडीने माकडहाड ठणकत होतं. टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती, आणि त्या खुर्चीवरून कुणीही विनोद केला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा.

स्वरूपा उठली. तिने ती खुर्ची मागे ओढली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि अरुंधतीकडे सरळ पाहिलं. तिचे डोळे लाल होते. आवाज नेहमीसारखाच, हळू.

“बस आता,” ती म्हणाली.

अरुंधती बसली.